नवीन टीव्हीवर सगळे सिनेमे सिरियलसारखे दिसतात, मलाच असं वाटतंय का?

चष्मिष

प्रश्न जरा येडपट वाटेल पण विचारतेच. जुना टीव्ही अकरा वर्षांनी एकदाचा गेला आणि नवीन आणला, मोठा, फोरके वगैरे. बातम्या मस्त दिसतात, मॅच तर काय विचारूच नका. पण सिनेमा लावला की काहीतरी विचित्र होतं. परवा एक जुना, आधी दहा वेळा बघितलेला सिनेमा लावला आणि पहिल्या पाच मिनिटांत वाटलं की हे कुणीतरी शूटिंग चालू असताना बाजूला उभं राहून कॅमेऱ्यावर टिपलंय. हिरो खोलीतून चालत जातो तर घरंगळत गेल्यासारखा, भिंती पुठ्ठ्याच्या, मेकअप दिसतोय, सगळं इतकं गुळगुळीत की सिनेमा वाटतच नाही, दुपारची सिरियल वाटते. आणि मधेच कॅमेरा जोरात फिरला की एक गचका बसतो आणि परत गुळगुळीत.

बाबांना दाखवलं तर म्हणाले स्वच्छ तर दिसतंय, तुझा चष्म्याचा नंबर बदलला असेल. भाऊ म्हणतो फोरके असंच दिसतं, सवय होईल. मला नाही पटत. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, शार्पनेस सगळं खालीवर करून झालं, काही फरक नाही. टीव्ही खराब आलाय का मी खराब आहे?

जुनीपिक्चरट्यूब

तुम्हीही ठीक आणि टीव्हीही ठीक :) फोरकेचा काही संबंध नाही, भावाला सांगा. हा मोशन स्मूदिंगचा प्रताप आहे आणि कंपन्या तो कारखान्यातूनच चालू करून पाठवतात.

सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे सुटी सुटी चित्रं, असतात. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे त्यामुळे वेगाचा काही धरबंध नव्हता, पण १९२० च्या दशकाच्या शेवटी फिल्मवरच आवाज आला आणि आवाजाला एकच ठरलेला वेग लागतो, नाहीतर गाणं मधेच बारीक मधेच जाड होणार. तेव्हा २४ ठरले आणि ते आजपर्यंत चाललंय. टीव्हीचा पडदा मात्र सेकंदाला ६० किंवा १२० वेळा बदलू शकतो. मग टीव्हीतला प्रोसेसर काय करतो, एक फ्रेम घेतो, पुढची फ्रेम घेतो, दोन्हींत हिरोचा हात कुठून कुठे गेला याचा अंदाज बांधतो आणि मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने काढून घुसवतो. म्हणजे तुम्ही जे बघताय त्यातल्या निम्म्याहून जास्त फ्रेम कॅमेऱ्याने कधी टिपल्याच नव्हत्या. कॅमेरा जोरात फिरला की अंदाज चुकतो, प्रोसेसर हात टेकतो, तोच तुमचा गचका.

सिरियलसारखं वाटतं त्यालाही कारण आहे. स्टुडिओतल्या सिरियली, बातम्या, मॅचेस हे सगळं व्हिडिओ कॅमेऱ्यावर व्हायचं, सेकंदाला ५० किंवा ६० वेळा हालचाल टिपली जायची. सिनेमा २४. आपण लहानपणापासून दोन्ही बघत आलो आणि डोक्यात आपोआप बसलं की गुळगुळीत म्हणजे टीव्ही आणि किंचित अडखळतं ते सिनेमा. इंग्रजीतही याला सोप ऑपेरा इफेक्टच म्हणतात, म्हणजे तुम्ही अगदी बरोब्बर नाव ठेवलंत.

बंद कसं करायचं ते कंपनीवर आहे कारण प्रत्येकाने आपापलं बारसं केलंय. एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये आधी ऑटो मोशन प्लस होतं आता पिक्चर क्लॅरिटी. पिक्चरच्या सेटिंगमध्ये अॅडव्हान्स्ड किंवा एक्स्पर्ट असं काहीतरी असेल त्याच्या पोटात बघा. तुम्ही जे ब्राइटनेस शार्पनेस केलंत ते वरच्या मजल्यावरचं, हे तळघरात आहे.

रात्रपाळी

+१. आणि चेहरे निळसर, सगळं भडक वाटत असेल तर पिक्चर मोड व्हिव्हिड आहे का तेही बघा. तो मोड दुकानातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात शेजारच्या वीस टीव्हींपेक्षा उठून दिसावा म्हणून असतो, घरात रात्री बघायला नाही. सिनेमा किंवा मूव्ही मोड लावा. पहिले दोन दिवस पिवळं पिवळं वाटेल, तिसऱ्या दिवशी जुना मोड लावून बघा, डोळे दिपतील.

काडीपैलवान

आला हा धागा परत. मला एक सांगा, गुळगुळीत दिसणं वाईट का? २४ हा आकडा काही आभाळातून पडलेला नाही, फिल्म कमी जळावी आणि आवाजही बरा यावा म्हणून केलेली तडजोड आहे. समजा पहिल्यापासून ६० असते तर आज तुम्हीच म्हणाला असता की २४ चा सिनेमा अडकत अडकत चालतो, टीव्ही खराब आलाय का. मी स्मूदिंग चालू ठेवतो, मला आवडतं, कॅमेरा आडवा फिरतो तेव्हा मागची इमारत थरथरत नाही. सिनेमा कसा बघायचा हे आता टॉम क्रूझने सांगायचं का?

जुनीपिक्चरट्यूब

@काडीपैलवान टॉम क्रूझने खरंच सांगितलं होतं, डिसेंबर २०१८ मध्ये दिग्दर्शक मॅकॅरीला बाजूला उभा करून व्हिडिओ टाकला होता की बाबांनो हे बंद करा. तुम्हाला माहीत असणारच म्हणून मुद्दाम काढलंत.

सवयीचा मुद्दा मान्य, पूर्ण मान्य. पण पीटर जॅक्सनने २०१२ ला आलेला हॉबिट खरोखरच ४८ फ्रेमवर शूट केला तेव्हा त्या मधल्या फ्रेम खोट्या नव्हत्या, कॅमेऱ्याने टिपलेल्या होत्या, तरी बऱ्याच लोकांची तक्रार हीच होती की सेट सेटसारखे दिसतात. तो त्याचा निर्णय, आवडो न आवडो. इथे निर्णय कोण घेतंय, टीव्हीतली चिप. कॅमेरामनने एखादा शॉट मुद्दाम धूसर ठेवला तर ती चिप तो इस्त्री करून देते. माझं भांडण आकड्याशी नाही, इस्त्रीशी आहे.

काडीपैलवान

बरं मग रात्री अकराला मी लोळत लोळत बघतो, आवाज कमी ठेवतो, मधे दोनदा उठतो, तेही कॅमेरामनने ठरवलेलं नव्हतं. कुठपर्यंत त्याचं ऐकायचं?

आणि जुन्या टीव्हीचे गोडवे गाणाऱ्यांना एक आठवण. पाल ही टीव्ही प्रक्षेपणाची जुनी पद्धत होती त्या बहुतेक देशांत सिनेमा टीव्हीवर सेकंदाला २५ फ्रेमने पळवायचे, कारण २४ बसत नव्हते. म्हणजे चार टक्के जोरात. दोन तासांचा सिनेमा जवळपास पाच मिनिटं आधी संपायचा. तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं होतं का?

जुनीपिक्चरट्यूब

हे मात्र खरंय, यावर माझ्याकडे उत्तर नाही :D

टिवल्याबावल्या

भांडा तुम्ही. मूळ प्रश्नाला थोडी भर घालते कारण मी यात दोन आठवडे घालवलेत आणि बरीचशी उत्तरं वाचून फसले.

पहिलं म्हणजे एकदा बंद केलं की झालं असं नसतं. बऱ्याच टीव्हींत ही सेटिंग प्रत्येक पिक्चर मोडला वेगळी, प्रत्येक एचडीएमआय पोर्टला वेगळी, आणि एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणारा) सिनेमा सुरू झाला की टीव्ही आपोआप तिसऱ्याच मोडमध्ये जातो तिथे परत चालूच. मी सेट टॉप बॉक्सवर बंद केलं, खूश झाले, रात्री अॅपवर सिनेमा लावला आणि हे भूत परत हजर. वाटलं टीव्ही माझ्याशी खुन्नस धरून आहे. म्हणून सिनेमा चालू असतानाच, तिथल्या तिथे मेनू उघडून बंद करा.

दुसरं, फिल्ममेकर मोड असेल तर सरळ तो लावा. २०१९ मध्ये टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओ यांच्या एका संघटनेने जाहीर केला, स्कोर्सेसी, नोलन अशा दिग्दर्शकांनी पाठिंबा दिलेला. त्यात स्मूदिंग, जादा शार्पनेस, नॉइज कमी करण्याची भानगड सगळं एकदम बंद होतं, एकेक शोधत बसायला नको. गेम मोडमध्येही बहुतेक वेळा बंद असतं पण कारण वेगळं, मधली फ्रेम काढायला टीव्हीला पुढची फ्रेम येईपर्यंत थांबावं लागतं ना, तेवढ्यात गेममध्ये तुमचा माणूस मेलेला असतो.

तिसरं, टीव्ही ओएलईडी असेल तर एकदम शून्य करू नका. त्यातले पिक्सेल इतक्या झटक्यात बदलतात की २४ फ्रेममधली प्रत्येक उडी सुट्टी सुट्टी दिसते, एलसीडीत पिक्सेल जरा आळशी असतात त्यामुळे ते झाकलं जातं. दहापैकी दोन-तीनवर ठेवा. डी-जडर, जडर रिडक्शन असं काहीतरी लिहिलेलं असतं.

तपासायला सगळ्यात सोप्पं म्हणजे माणूस जाळीसमोरून किंवा रेघांच्या पडद्यासमोरून चालत जातो असा सीन लावा. स्मूदिंग जोरात असेल तर त्याच्या खांद्याच्या कडेला जाळी वितळल्यासारखी होते, पाण्यातून बघतोय असं. एकदा ते दिसलं की मग आयुष्यभर दिसतं, आधीच माफी मागते.

निवांत

विषयांतर आहे पण नवीन टीव्हीवर संवाद ऐकूच येत नाहीत, मारामारी सुरू झाली की शेजारी भिंत ठोकतात आणि परत बोलायला लागले की मी आवाज वाढवतो, हे त्याच मेनूत कुठे बंद होतं का? रिमोट हातातून खाली ठेवता येत नाही.

रात्रपाळी

@निवांत टीव्ही पातळ झाले आणि स्पीकर खाली किंवा मागे गेले, तुमच्याकडे तोंड करून कुणी बोलतच नाहीये. त्यात अॅप बहुतेक ५.१ म्हणजे सहा स्पीकरसाठीचा आवाज पाठवत असणार, त्यात संवाद मधल्या स्पीकरला असतात आणि तो तुमच्याकडे नाही, मग टीव्ही सगळं दोन स्पीकरमध्ये कालवतो. अॅपमध्ये ऑडिओत स्टिरिओ ट्रॅक मिळतो का बघा, आणि टीव्हीत नाइट मोड किंवा क्लिअर व्हॉइस असं असेल ते चालू करा. बाकीचं वेगळ्या धाग्यावर विचारा, इथे आधीच कुस्ती चालू आहे.

चष्मिष

सगळ्यांचे आभार, मी खराब नाही हे कळून बरं वाटलं.

अपडेट देते. सेटिंग सापडली, तळघरातच होती, एक्स्पर्टच्या आत अजून एक मेनू. बंद केल्या केल्या सिनेमा परत सिनेमा झाला, अक्षरशः एका सेकंदात, हिरो माणसासारखा चालायला लागला. टिवल्याबावल्या ताई, तुमची जाळी बघितली, आता प्रत्येक सीनमध्ये जाळीच शोधतेय, माफी नामंजूर. आणि एचडीआरचंही अगदी तसंच झालं, दुसऱ्या दिवशी परत चालू, परत बंद केलं.

बाबांना मुद्दाम सांगितलं नाही. चार दिवस काही बोलले नाहीत, म्हटलं बघा, यांना फरकच कळत नाही. पण बाबा सिनेमा संपल्यावर नावं शेवटपर्यंत वाचतात, अगदी ड्रायव्हर आणि लाइटवाल्यांपर्यंत, उठू देत नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले ही अक्षरं थरथरत वर चाललीत, आधी सरळ जायची, तू काहीतरी केलंयस. मग खरं सांगावं लागलं. तुमचं सगळं पुराण त्यांना वाचून दाखवलं, शांतपणे ऐकलं, आणि काडीपैलवान यांचं बरोबर आहे म्हणाले.

शेवटी तडजोड करून ३ वर ठेवलंय.

काडीपैलवान

बाबांना माझा नमस्कार सांगा.

जुनीपिक्चरट्यूब

३?? एलसीडी आहे ना तुमचा, मग शून्यच ठेवा हो. नावं वाचायची शेवटची पाच मिनिटं असतात, त्यासाठी आधीचे दोन तास का नासवायचे.

चष्मिष

रिमोट बाबांकडे आहे.