नव्या संचासोबतच्या छोट्या पत्रकाला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : रावेर-यावल भागातील केळी उत्पादकांना ठिबक संचासोबत एक दोन पानी पत्रक द्यायचे आहे. देखभाल, सुटे भाग, खतांचे वेळापत्रक वगैरे सर्व तपशील स्वतंत्र पुस्तिकेत आहेत. या पत्रकात संच बसवल्यापासून पहिल्यांदा पाणी सोडेपर्यंत काय करायचे, एवढेच सांगायचे आहे. इंग्रजीत याला 'क्विक स्टार्ट गाइड' म्हणतात. 'द्रुत प्रारंभ मार्गदर्शक' हे त्याचे मराठी रूप मला पटत नाही. जाणकारांनी कृपया पर्याय सुचवावा.

उत्तर : आपली शंका रास्त आहे. 'द्रुत' हा शब्द मराठीत लयीला किंवा द्रुतगती मार्गाला शोभतो, कारण तेथे वेग अभिप्रेत असतो. या पत्रकाचा गुण वेग नसून थोडक्यात सांगणे हा आहे. 'मार्गदर्शक' म्हटले की आधी माणूस डोळ्यांपुढे येतो, तर 'मार्गदर्शिका' शालेय गाइडची आठवण करून देते. 'नियमपुस्तिका' शासकीय मराठीत मॅन्युअलसाठी रूढ असली, तरी तिच्यात कार्यालयाचा अधिकार आहे. 'प्रवेशिका' सुटसुटीत आहे, पण संगीताच्या परीक्षा आणि स्पर्धांचे अर्ज यांनी ती आधीच व्यापली आहे. 'ओनामा' मला मनापासून आवडतो. 'ॐ नमः सिद्धम्' या अक्षरारंभाच्या मंत्रातून आलेला तो शब्द आहे. मात्र तो आरंभाच्या कृतीचे नाव आहे, हातातल्या कागदाचे नाही.

सुटा कागद असेल तर 'पत्रक' आणि बांधणी असेल तर 'पुस्तिका' हा भेद आपल्याकडे शेतकरीही सहज करतो. तो सोडू नये. 'माहिती' वस्तूचे वर्णन करते, 'सूचना' काय करावे ते सांगते. म्हणून 'पहिल्या वापराचे सूचनापत्रक' हे नाव मी सुचवतो. ते लांब आहे हे मान्य, पण त्यातील एकही शब्द समजावून सांगावा लागत नाही.

प्रश्न : मथळ्यावर 'संच कसा सुरू करावा?' असे सरळ वाक्यच घातले तर चालेल का? शेतावर लोक अहिराणीत 'हाई कसं चालू करानं?' असेच विचारतात.

उत्तर : अवश्य घालावे. मथळा वाक्याचा असावा आणि यादीत, पावतीवर किंवा पत्रव्यवहारात उल्लेख करताना 'सूचनापत्रक' हे नाम वापरावे. दोहोंत विरोध नाही.

मात्र नावापेक्षा आतल्या क्रियापदांकडे अधिक लक्ष द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. 'पंप बंद केल्याशिवाय फिल्टर उघडू नये' यात दोन नकार आहेत आणि घाईत वाचणाऱ्याला 'उघडू नये' एवढेच लक्षात राहू शकते. त्याऐवजी 'आधी पंप बंद करा, मग फिल्टर उघडा' असे लिहावे, म्हणजे कामाचा क्रम आणि वाक्याचा क्रम एकच होतो. त्याचप्रमाणे 'लॅटरल फ्लश करणे' (म्हणजे पिकाच्या ओळीतल्या बारीक नळ्या पाण्याने धुऊन काढणे) असे तुटक न लिहिता 'लॅटरलच्या शेवटच्या टोप्या काढा, स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या, मग टोप्या लावा' असे लिहावे. नळ्या अंथरताना आत गेलेली माती आणि प्लास्टिकचा कीस याच वेळी बाहेर पडला नाही, तर ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारी तोंडे, पहिल्याच पाण्याला तुंबू शकतात. त्यामुळे त्या सूचनेचे कारणही अर्ध्या ओळीत द्यावे. लॅटरल, ड्रिपर, व्हेंचुरी, फिल्टर हे शब्द तसेच ठेवावेत, कारण जळगावच्या दुकानात माल याच नावांनी मागितला जातो. व्हेंचुरीतून खत देण्याचा भाग या पत्रकात मुळीच आणू नये. तो पहिल्या पाण्यानंतरचा विषय आहे आणि त्याची जागा पुस्तिकेत आहे.

क्रियापदे 'करा'ची ठेवावीत की 'करावे'ची, याबद्दल दुमत होऊ शकते. माझे मत 'करा'च्या बाजूने आहे. ते आदरार्थी आहे, थेट आहे आणि मोठ्याने वाचून दाखवतानाही खटकत नाही.