गरिबांच्या संघटनेवरील माहितीपट: सुरुवात कशाने करावी?

फोंडेकर: आमच्या गावच्या वाचनालयात पावसाळ्यातील रविवारी माहितीपट दाखवून त्यांवर चर्चा करावी, असे ठरले आहे. अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीपासून आरंभ करावा, असा तरुण सभासदांचा आग्रह आहे. परंतु मोर्चे आणि भाषणे पाहून प्रेक्षक भारावतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. संघटना बांधली कशी जाते, हे त्याला कळत नाही. चर्चेसह दोन तासांत आटोपेल असे काही सुचवाल काय?

पणजीचा वाचक: या विषयात ‘आईज ऑन द प्राइझ’ ही चौदा भागांची मालिका पायाभूत मानली जाते, मात्र जुन्या चित्रफिती आणि गाणी वापरण्याच्या परवान्यांची मुदत संपल्यामुळे ती बरीच वर्षे पुन्हा दाखवता येत नव्हती. (इतिहास जपायचा, तर त्याचेही भाडे भरावे लागते!) आपल्याला मी १९९३ चा ‘ॲट द रिव्हर आय स्टँड’ सुचवीन. १ फेब्रुवारी १९६८ रोजी मेम्फिस शहरात पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीच्या मागील भागात शिरलेले दोन सफाई कामगार कचरा दाबणाऱ्या यंत्रात चिरडून मेले. त्यानंतर सुमारे १,३०० कामगारांनी संप पुकारला. पूर्णवेळ राबूनही त्यांच्यापैकी अनेकांचे वेतन इतके तुटपुंजे होते की, ते सरकारी मदतीस पात्र ठरत. ‘मी माणूस आहे’ एवढेच लिहिलेले फलक गळ्यात अडकवून ते रांगेने चालत. या संपाला पाठिंबा देण्यासाठी गेले असतानाच ४ एप्रिलला मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली. १६ एप्रिलला संघटनेला मान्यता मिळून संप मिटला. वर्णाचा प्रश्न आणि पोटाचा प्रश्न येथे वेगळे काढताच येत नाहीत.

मडगावकर: सूचना योग्य आहे, परंतु केवळ यशाची कथा दाखवू नये. त्याच वर्षी सर्व वर्णांचे गरीब लोक वॉशिंग्टनमध्ये लाकडी झोपड्यांची वसाहत उभारून राहिले. पावसाने तिथे चिखल झाला, आणि सुमारे सहा आठवड्यांत पोलिसांनी ती हटवली. चर्चेत याचाही उल्लेख व्हावा.

डिचोलीहून: दुसऱ्या रविवारी आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ दाखवावा. १९९७ मधील मुंबईच्या रमाबाई नगरातील पोलीस गोळीबारात दहा जण मेले आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली, तेथून तो सुरू होतो. चौदा वर्षे त्याचे चित्रण चालले होते. तो आपल्या वेळेत बसणार नाही, म्हणून दोन भागांत दाखवावा. त्यातील मराठी गाणी मात्र दुभाष्याशिवाय पोहोचतील. शिवाय यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध गोव्यातील रापणकार (किनाऱ्यावरून ‘रापण’ हे मोठे जाळे ओढणारे मच्छीमार) एकवटले होते. त्या काळातील एखादे वयोवृद्ध मच्छीमार गावात असतील, तर त्यांना पुढच्या रांगेत बसवून बोलते करावे.

फोंडेकर: आभारी आहे. पहिल्या रविवारी मेम्फिस निश्चित केले. इंग्रजी संवाद सर्वांना समजणार नाहीत, म्हणून दर पंधरा मिनिटांनी पडदा थांबवून मी मराठीत सारांश सांगेन. रापणीवर गेलेले एक आजोबा आमच्या नात्यातच आहेत. त्यांना आजच विचारतो.