मनिलाहून लेकीला आणायला निघतोय, काय काय बघावं?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): दत्तकाचं सगळं मार्गी लागलं. लेक तीन वर्षांची आहे. तिच्या व्हिसाचं कसं करायचं? आणि सासरे मिरज स्टेशनवर बँजो लावायचा म्हणतायत!

उत्तर (सातारा): पासपोर्ट तिकडचाच असणार, म्हणून भारताच्या दूतावासातून तिचा एन्ट्री व्हिसा काढावा लागतो. दोन्ही देश परदेशी दत्तकाबद्दलच्या 1993 च्या हेग करारात आहेत, त्यामुळे कलम 5 आणि 17 खालची 'कारा'ची (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) मंजुरी जवळच ठेवा, सामानात टाकू नका.

उत्तर (मिरज): ताई, कागदं होतील. बँजो मात्र नकोच, पोर बिथरेल. मामांना समजावा, बारसं दणक्यात करू म्हणावं. सांभाळणाऱ्या बाईंकडून तिचं रोजचं पांघरूण मागून घ्या आणि धुऊ नका. आमचा लेक कितीतरी रात्री ते नाकाशी धरूनच झोपायचा. भात तिला सवयीचा असेल, मऊ करून तूप घाला, आपलं तिखट इतक्यात नको. पाणी, शू, दुखतंय हे तिच्या भाषेत पाठ करा. रात्री दचकून उठली की तेच लागतं.

प्रश्नकर्ती: पांघरुणाचं डोक्यातच नव्हतं. तिथल्या संस्थेला आत्ताच मेल करते.