पाझर तलावाच्या गाळासाठी सीएसआर प्रस्ताव: नकार का आला असेल?

माणदेशी_शिवार
आमची संस्था माण तालुक्यात, दहिवडीच्या बाजूला. एका पाझर तलावातला गाळ काढण्यासाठी एका कंपनीकडे सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांसाठी खर्च करायच्या निधीतून, साडेसहा लाखांचा प्रस्ताव जानेवारीत दिला होता. ‘यंत्रसामग्री 5 लाख, प्रशासकीय खर्च दीड लाख’ असं अंदाजपत्रक. उद्दिष्टात ‘गावाची पाणीपातळी वाढेल, शेतकरी समृद्ध होतील’ असं लिहिलं होतं. ‘पुरेसा तपशील नाही’ एवढंच उत्तर आलं. भाषा कमी पडली का? कोणाकडून चांगली लिहून घ्यावी का?

हिशोबनीस
भाषेला हात लावू नका दादा, अंदाजपत्रक फोडून लिहा. ‘यंत्रसामग्री 5 लाख’ यातून काहीच कळत नाही. समजा 12,000 घनमीटर गाळ काढायचा आहे आणि पोकलेन ताशी 60 घनमीटर काढतं, तर 200 तास झाले. डिझेलसह ताशी 2,400 रुपये दर असेल तर 4,80,000. रोज 8 तास धरले तर 25 दिवस, म्हणजे एप्रिल-मेमध्ये काम बसतं. दर तिथलाच, तीन कोटेशनवरून घ्या. वाचणाऱ्याला लगेच हिशोब लागतो: घनमीटरला 40 रुपये, आणि तलाव एकदा भरला की 1 कोटी 20 लाख लिटर जास्तीचा साठा. उद्दिष्टाच्या जागी हा आकडा लिहा. ‘समृद्ध’ हा शब्द मोजता येत नाही.

दीड लाख ‘प्रशासकीय’ हे तर हमखास खटकतं. कायद्यातली 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापन खर्चाला आहे, प्रकल्पावर थेट राबणाऱ्या माणसाच्या पगाराला नाही. मात्र काही कंपन्या स्वतःच्या धोरणात वेगळी मर्यादा ठेवतात, ती आधी विचारा. ‘क्षेत्र समन्वयक, 9 महिने × 15,000 = 1,35,000’ अशी ओळ टाका, खाली त्याचं काम लिहा.

कृष्णाकाठ
कागद तपासलेत का? बरेच प्रस्ताव वाचायच्या आधीच इथे अडकतात. सीएसआर-1 नोंदणी (सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची नोंदणी), आयकर कायद्याखालच्या 12ए (संस्थेला करमाफी) आणि 80जी (देणगीदाराला सवलत) दोन्ही नोंदण्या, पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. तशाच प्रकारच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभवही लागतो. तात्पुरतं 80जी असेल तर मुदत बघा. धर्मादाय कार्यालयाच्या प्रमाणपत्रावर, पॅनवर आणि बँक खात्यावर संस्थेचं नाव अक्षरशः एकच हवं. एकीकडे ‘मंडळ’ आणि दुसरीकडे ‘संस्था’ असलं तरी फाईल परत येते. विश्वस्त बदलले असतील तर चेंज रिपोर्ट (धर्मादाय कार्यालयात द्यायचा बदल अहवाल) मंजूर आहे का? नुसता दाखल केलेला पुष्कळदा चालत नाही.

तलाव तुमच्या मालकीचा नाही, हेही विसरू नका. ज्या खात्याकडे तो आहे त्याची लेखी परवानगी आणि ग्रामसभेचा ठराव सोबत जोडा. वाळू उचलणार नाही आणि बांधाच्या पायथ्याशी खोदणार नाही, हे प्रस्तावातच लिहा.

भूजल_जतकर
मोजणीचा भाग सगळ्यात कच्चा राहतो. टिपरच्या खेपा मोजून घनमीटर काढू नका. उकरलेला गाळ सैल होऊन फुगतो, आकडा जास्त दिसतो आणि शेवटी तपासणीत अडचण होते. कामाआधी आणि नंतर तलावाच्या तळाची उंची ठिकठिकाणी मोजून (लेव्हल घेऊन) तळाचे छेद काढा, दोन्हींतल्या फरकावरून घनमीटर काढा.

पाणीपातळीचं म्हणाल तर एखादा पाऊस चांगला झाला की विहिरी भरतातच, त्याचं श्रेय गाळाला कसं देणार? तलावाखालच्या 10 विहिरी आणि शेजारच्या शिवारातल्या, या तलावाचा पाझर न पोचणाऱ्या 5 विहिरी निवडा. कठड्यावर रंगाने खूण करून तिथूनच ऑक्टोबरअखेर आणि मार्चअखेर टेपने खोली मोजा. तुमच्या महसूल मंडळात (काही गावांचा महसुली गट) नोंदलेला पाऊसही सोबत लिहा. दोन्ही गटांतला फरक दाखवा. हे आकडे काम सुरू व्हायच्या आधीचे हवेत, नाहीतर नंतर तुलनेला काही उरत नाही.

हिशोबनीस
आणि जानेवारी उशिराच. तोवर बहुतेक कंपन्यांचा त्या वर्षाचा पैसा कुठे ना कुठे बांधलेला असतो, आणि तुमचं काम तर पावसाआधी संपायला हवं. ऑक्टोबरमध्ये दोन पानांची संकल्पना टिपण पाठवा, पूर्ण प्रस्ताव त्यांनी मागितला की मगच.

माणदेशी_शिवार
शेतकरी गाळ स्वतःच्या ट्रॅक्टरने नेणार आहेत. त्याचा उल्लेख करावा का?

भूजल_जतकर
करावाच, लोकसहभागाच्या रकान्यात, पण रुपयांत. खेपा × वाहतुकीचा स्थानिक दर, आणि शेतकऱ्यांची सही असलेली यादी जोडा. ‘100 टक्के सहभाग’ असलं काही नको. आणखी एक, वरच्या उतारावर सलग समतल चर (पाणी आणि माती अडवायला एकाच पातळीत खणलेले चर) आहेत का? नसतील तर गाळ पुन्हा येणार, आणि जाणकार तपासनीस पहिला प्रश्न तोच विचारेल. निदान वनविभागाच्या किंवा रोजगार हमीच्या कामांतून ते कधी होणार, हे एका परिच्छेदात लिहा.