पोटाच्या चरबीला ‘सूज’ असते म्हणजे काय? आणि त्याने शुगर कशी वाढते?

मिरजेची_मुक्ता:
बाबांना (वय ५८) मागच्या महिन्यात शुगर निघाली, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी) ८.१. बाबा जाडे अजिबात नाहीत हो, हातपाय काडीसारखे, फक्त पोट सुटलंय, पट्ट्याला घरीच खिळ्याने दोन नवीन भोकं पाडून घेतलीत. डॉक्टर म्हणाले पोटाच्या आतल्या चरबीत सूज असते म्हणून इन्सुलिनचं काम होत नाही. घरी आल्यापासून आई विचारतेय, सूज कुठंय, दिसत तर नाही. मी कॉमर्सची, नेटवर वाचायला घेतलं तर होतामिश्लिगिल असं एक नाव सारखं येतंय आणि पुढचं काही कळत नाहीये. कोणी सोपं करून सांगेल का? आणि सूज आहे तर सूज उतरायची गोळी का देत नाहीत?

पेशीवाला:
मुक्ता, आईंचा प्रश्न बरोबर आहे, ही पाय मुरगळल्यावर येते तशी सूज नाही, बाहेरून दिसत नाही आणि दुखतही नाही. जंतूंशी लढणारी रसायनं आणि पेशी चरबीत जमतात, त्यालाच डॉक्टर सूज म्हणतात. गोखान होतामिश्लिगिल हे मूळचे तुर्कस्तानचे, अंकारात डॉक्टर झाले आणि मग बोस्टनला संशोधनात गेले. १९९३ मध्ये त्यांनी आणि ब्रूस स्पीगलमन यांनी दाखवलं की लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा नावाचं रसायन तयार होतं. हे रसायन आपल्या रोगप्रतिकारशक्तीचं, जंतू आले की शरीर ते सोडतं, आणि तोपर्यंत ते कॅन्सरच्या पेशंटला झिजवणारं म्हणून माहीत होतं, म्हणजे वाळलेल्या माणसाशी जोडलेली गोष्ट लठ्ठ उंदरात सापडली! त्यांनी ते टीएनएफ अडवून बघितलं तर उंदरांमध्ये इन्सुलिन पुन्हा नीट काम करायला लागलं. तोवर चरबी म्हणजे नुसतं कोठार, उरलेलं तेल साठवायचा डबा असंच बहुतेक जण धरून चालायचे.

आता इन्सुलिन कुठे अडतं ते. इन्सुलिन पेशीपर्यंत येतं, पण ‘साखर आत घे’ हा त्याचा निरोप आत न्यायचं काम आयआरएस-१ नावाचं प्रथिन करतं. टीएनएफमुळे त्या प्रथिनावर भलत्याच जागी फॉस्फेट चिकटतं आणि निरोप दारातच राहतो. साखर बाहेर, रक्तात.

मग २००३ मध्ये दोन गटांनी दाखवलं की लठ्ठ उंदरांच्या चरबीत मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, गर्दी करून बसलेल्या असतात. मी स्वतः स्लाइडवर बघितलंय, एक मरायला टेकलेली फुगलेली चरबीपेशी आणि तिच्याभोवती गोल कडं करून या पेशी, गुळाच्या खड्याला मुंग्या लागाव्यात तशा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बराच वेळ डोळा काढला नाही मायक्रोस्कोपवरून.

गोळीचं म्हणशील तर १९९६ मध्ये डायबेटिसच्या पेशंटना टीएनएफ अडवणारी अँटिबॉडी देऊन बघितली, इन्सुलिनच्या कामात काही फरक पडला नाही. उंदरात जमलं ते माणसात तसंच्या तसं जमलं नाही, कारण टीएनएफ एकटं नाही, अशी बरीच रसायनं आहेत.

कोथरूडकर_काकू:
मुक्ता, हातपाय बारीक आणि पोट पुढे, हे आपल्याकडे घरोघरी आहे गं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लंडनच्या प्रा. युडकिन यांच्याबरोबर लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात दोघांचा फोटो छापला होता, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३ पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! त्यामुळे ‘बाबा जाडे नाहीत’ हे मनातून काढ, वजनकाट्यापेक्षा कंबरेला टेप लाव. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या गावांतली बाळंही तपासली, जन्माला येतानाच किडकिडीत, इंग्लंडच्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली.

शिरोळचा_संदीप:
एकच सांगतो, सूज म्हटलं म्हणून कुणाच्या सांगण्यावरून अ‍ॅस्पिरिन किंवा पेनकिलर सुरू करू नका. माझ्या मामांनी गुडघ्यासाठी म्हणून मनानेच रोज गोळ्या घेतल्या, शुगर होतीच, किडनीला त्रास झाला.

मिरजेची_मुक्ता:
पेशीवाला, गुळाच्या खड्याचं आईला वाचून दाखवलं, तिला लगेच कळलं. बाबांची कंबर आत्ताच मोजली, ९८ सेंटिमीटर. काकू, संदीपदादा, थँक्यू. शुक्रवारी डॉक्टरांकडे जातोय, टेपचा आकडा डायरीत लिहून नेते.