मदत हवी आहे: मिथेनच्या ज्वलनाचं एकच उदाहरण, पोरांची उत्तरं तीन (बारावी, थर्मो)

उदगीर_केम
बारावीला थर्मोचा (उष्मागतिकीचा) सराव चालू आहे. मिथेनच्या ज्वलनाची डेल्टा एच (एन्थॅल्पीतला बदल, म्हणजे स्थिर दाबाला घेतलेली किंवा सोडलेली उष्णता; सोडली तर ऋण) काढायची होती. उत्तरसूचीत −८९०.३ किलोज्यूल आहे. निम्म्या वर्गाचं उत्तर −८०२, काहींचं −६९४, दोघांचं +८९०.३. आकडेमोड बघितली, गुणाकार-बेरीज सगळी बरोबर आहे. उत्तरसूची चुकली आहे का? उद्या सकाळी ७ चा तास आहे, पोरं विचारूलालेत. लवकर सांगा.

गोदाकाठ
काढलं कशावरून? फॉर्मेशनच्या एन्थॅल्पी (मूलद्रव्यांपासून संयुग तयार होतानाच्या) दिल्या होत्या की बाँड एन्थॅल्पी (बंध तोडायला लागणारी ऊर्जा)? आणि समीकरणात पाण्यापुढं कंसात काय आहे, एल (द्रव) की जी (वायू)?

उदगीर_केम
मिथेन जळालं की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, त्यात वेगळं काय असणार? बहुतेकांनी बाँड एन्थॅल्पीनं काढलंय.

संख्यारेषा
डेल्टा एच आणि डेल्टा यू (आंतरिक ऊर्जेतला बदल) यांची गल्लत झाली असेल. दोघांत फरक डेल्टा एन × आर (वायू स्थिरांक) × तापमान एवढा. वायूंचे मोल मोजा: डावीकडं ३, उजवीकडं १, म्हणजे डेल्टा एन −२. −२ × ८.३१४ × २९८ = −४९५५ ज्यूल, म्हणजे साधारण −४.९६ किलोज्यूल. आर ज्यूलमध्ये आणि बाकी सगळं किलोज्यूलमध्ये, इथं पोरं हमखास घसरतात. हजारानं भागायला लावा.

गोदाकाठ
हिशोब बरोबर आहे, पण इथं तो लागू नाही. ८९० आणि ८०२ मध्ये ८८ चं अंतर आहे, ते ४.९६ नं कसं भरणार? शिवाय पाणी वाफ धरलं तर दोन्हीकडं वायूचे ३-३ मोल, डेल्टा एन शून्य.
उदगीर, बाँडचे आकडे टाका. त्याशिवाय पुढं जाता येत नाही.

उदगीर_केम
सी-एच ४१४, ओ=ओ ४९८, सी=ओ ७९९, ओ-एच ४६४. कंसात काही लिहिलेलं नाही, नुसतं पाणी.

गोदाकाठ
मग उत्तरसूची चुकलेली नाही आणि −८०२ वाली पोरंही चुकलेली नाहीत. प्रश्न अर्धवट आहे.
तुटणारे बंध: ४ × ४१४ + २ × ४९८ = २६५२. तयार होणारे: २ × ७९९ + ४ × ४६४ = ३४५४. वजाबाकी −८०२. बाँड एन्थॅल्पी वायुरूप रेणूंसाठीच असतात, त्यामुळं या पद्धतीत पाणी आपोआप वाफ धरलं जातं.
आता फॉर्मेशननं करा. कार्बन डायऑक्साइड −३९३.५, द्रव पाणी −२८५.८, मिथेन −७४.८. येतं −८९०.३. पाण्याच्या जागी वाफेचा −२४१.८ टाका, येतं −८०२.३. उत्तरसूचीवाल्यानं द्रव पाणी धरलं, पोरांनी वाफ. दोन मोल पाणी, मोलमागं ४४, झाले ८८.

बालाघाट७
एवढं लांबवायची गरज नाही. पाण्याची बाष्पीभवन एन्थॅल्पी ४०.७, दुप्पट करून ८०२ मध्ये मिळवायची की झालं.

गोदाकाठ
४०.७ हा १०० अंश सेल्सियसचा आकडा आहे. दुप्पट ८१.४, बेरीज ८८३.४ येते, ८९०.३ येत नाही. फॉर्मेशनचे तक्ते २९८ केल्विनचे असतात आणि त्या तापमानाला ४४ घ्यावे लागतात. दोन तापमानांचे आकडे एकाच गणितात आले की ही सहा-सातची फट राहते आणि पोरं ती 'राउंडिंग' म्हणून सोडून देतात.

उदगीर_केम
बरं, ८८ चं कळलं. −६९४ कुठून आलं मग?

शिसव
त्यांनी सी=ओ ७४५ घेतला असणार. तो कीटोनसारख्या संयुगांमधला सरासरी आकडा. कार्बन डायऑक्साइडमधला बंध त्याहून मजबूत, ७९९ चा. ७४५ नं उजवी बाजू १४९० + १८५६ = ३३४६ होते, उत्तर बरोबर −६९४. प्रश्नात आकडे दिलेले असताना पोरांनी दुसऱ्या पुस्तकातला तक्ता उघडला आहे. वह्या बघा.
+८९०.३ वाल्यांनी फॉर्मेशनच्या आकड्यांना 'अभिकारक वजा उत्पादितं' लावलंय.

बालाघाट७
म्हणूनच सूत्रं पाठ पाहिजेत. बाँड: अभिकारक वजा उत्पादितं. ज्वलन: अभिकारक वजा उत्पादितं. फॉर्मेशन: उत्पादितं वजा अभिकारक. फळ्याच्या कोपऱ्यात महिनाभर ठेवा. सीईटीला आणि नीटला कॅल्क्युलेटर नाही, विचार करत बसायला वेळ नाही.

शिसव
पाठ करून घेतलेल्या पोरांचंच +८९०.३ येतं. तीन सूत्रं, त्यातली दोन उलटी. दडपणाखाली कोणतं आठवेल याचा भरवसा नाही. त्याऐवजी शून्य कुठं आहे ते विचारा. फॉर्मेशनमध्ये शून्य म्हणजे मूलद्रव्यं त्यांच्या प्रमाण स्थितीत. बाँडमध्ये शून्य म्हणजे सुटे वायुरूप अणू, आणि बंध तोडायला ऊर्जा घालावीच लागते, म्हणून तुटणारे अधिक. एक आडवी रेघ शून्याची, तिच्या खाली-वर पातळ्या, बाणाचं टोक खाली गेलं की ऋण. दोन तासांत बसतं.

बालाघाट७
दोन तास कुठून आणायचे? लातूरला एका तासात चाळीस एमसीक्यू सोडवून घेतात.

शिसव
चाळीसपैकी दहा चुकत असतील तर उपयोग काय? आकृती सरावाची, परीक्षेत काढायची गरज नाही. परीक्षेत एकच तपासणी: ज्वलनाचं उत्तर धन आलं की पेन थांबवायचं. उदाहरणार्थ दोन पाण्यांचे ओ-एच बंध ४ ऐवजी २ मोजले तर उत्तर +१२६ येतं. चिन्हानंच चूक दाखवून दिली.

परभणी_लॅब
नुसती कागदी गणितं देऊ नका, आधी उदासिनीकरण करून घ्या. १ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड ५० मिली, १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ५० मिली, एकात एक घातलेले थर्माकोलचे दोन पेले, वर पुठ्ठ्याचं झाकण. तापमान ६.८ अंशांनी वाढलं तर १०० ग्रॅम × ४.१८ (विशिष्ट उष्णता) × ६.८ = २८४२ ज्यूल. भागिले ०.०५ मोल, म्हणजे −५६.८ किलोज्यूल प्रति मोल. पुस्तकात −५७ च्या आसपास असतं.
चुका ठरलेल्या: वस्तुमान १०० ऐवजी ५० ग्रॅम धरणं, ०.०५ नं भागायचं विसरणं, ऋण चिन्ह गाळणं. स्टीलचा ग्लास वापरू नका, तोच उष्णता खातो. थर्मामीटर एक अंशाच्या रेघांचा असेल आणि वाचन अर्ध्या अंशानं चुकलं तर उत्तर ४.१८ किलोज्यूलनं हलतं, म्हणून ०.१ अंशाचा घ्या.
सगळ्यात मोठी गडबड सोडियम हायड्रॉक्साइडची. १०० मिलीत ४ ग्रॅम विरघळवलं की द्रावण स्वतःच सुमारे १० अंशांनी तापतं. तसंच ओतलं तर आकडा कितीही फुगतो. आदल्या संध्याकाळी करून ठेवा, ॲसिडची बाटली शेजारीच ठेवा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये एक बाटली खिडकीत आणि दुसरी कपाटात राहिली तर सुरुवातीलाच दोन-तीन अंशांचा फरक पडतो.

उदगीर_केम
प्रयोगाचं विचारलं नव्हतं सर, पण हे ठेवतो. उद्या फळ्यावर काय लिहू एवढं सांगा.

गोदाकाठ
तेच उदाहरण दोनदा लिहा, एकात पाणी एल, दुसऱ्यात जी, दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. ८८ कुठून आले ते पोरांनाच शोधू द्या. मग हेसच्या नियमाचं (डेल्टा एच वाटेवर अवलंबून नसते, म्हणून समीकरणं मिळवता येतात) एक सोपं: कार्बनपासून कार्बन डायऑक्साइड −३९३.५, कार्बन मोनॉक्साइडचं ज्वलन −२८३.०. दुसरं समीकरण उलटवा, चिन्ह बदला, मिळवा: −११०.५. कार्बन जाळून नेमका मोनॉक्साइडच मोजता येत नाही, थोडा डायऑक्साइड होतोच, त्यामुळं हा नियम कशासाठी लागतो ते इथं दिसतं. समीकरण दोननं गुणलं की डेल्टा एचही दोननं, हे त्याच ओळीत सांगून टाका.

संख्यारेषा
हेसनं हा नियम १८४० मध्ये मांडला, ऊर्जा अक्षय्यतेचा नियम पक्का होण्याच्या आधी. हेही सांगा.

हळदवाफा
मध्येच विचारतो. आमच्याकडं गोबरगॅस आहे. शेगडीला ८९० धरायचं की ८०२?

गोदाकाठ
८०२. शेगडीवर पाणी वाफ होऊन निघून जातं, ते ८८ परत मिळत नाहीत. १६ ग्रॅम मिथेनला ८०२, म्हणजे ग्रॅममागं सुमारे ५० किलोज्यूल. पण गोबरगॅस नुसता मिथेन नसतो, त्यात कार्बन डायऑक्साइडही बराच असतो. तेवढा भाग वजा करूनच हिशोब करा.

उदगीर_केम
वह्या बघितल्या. −६९४ वाल्यांनी ७४५ च घेतलाय, शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तक्त्यातून. प्रश्नपत्रिकेत पाण्यापुढं एल लिहून परत झेरॉक्स काढतोय. गोबरगॅसचंही एक उदाहरण टाकतो, ६० टक्के मिथेन धरून.