चादर, चादोर की बुरखा?

एक शब्द अडलाय. इराणी कलाकार शिरीन नेशात यांच्या ‘विमेन ऑफ अल्लाह’ (१९९३-९७) ह्या फोटोंवर मराठीत लिहितेय. त्यातल्या बाईला ‘बुरखाधारी’ लिहून टाकलं आणि वाचताना खटकलं, कारण तिचा चेहरा उघडा आहे, मधोमध बंदुकीची नळी आणि चेहऱ्यावर फारसी अक्षरं. हिजाब लिहू का?

—

बुरखा नकोच ताई. बुरखा म्हटलं की तोंड झाकलेलं, शिवाय ‘ढोंगाचा बुरखा फाडला’ हे इतकं तोंडात बसलंय की शब्द आला की आत काहीतरी लपवलंय असंच वाटतं, आणि ती बाई तर सरळ आपल्याकडे बघतेय. हिजाब हा अरबी शब्द, मूळ अर्थ आडोसा, त्यात डोक्याच्या रुमालापासून सगळंच येतं. इराणी बायका ह्या कपड्याला चादोर म्हणतात, म्हणजे आपलीच चादर, आपल्याकडे फारसीतूनच आलेली! तिकडे चादोरचा दुसरा अर्थ तंबू. अर्धगोल कापड, बटण नाही, बंद नाही, हनुवटीखाली हाताने धरायचं आणि हात अडकले की दातात. माझी आजी डोक्यावर घागर असली की पदर असाच दातात धरायची.

—

पण नुसतं ‘चादर’ लिहिलं तर वाचकाला सोलापूरची आठवेल, नाहीतर दर्ग्यावर चढवतात ती. आपला जुना ‘गोषा’ कसा वाटतो?

—

गोषा म्हणजे फारसीत कोपरा. सरदार घराण्यांत गोषा पाळायचे, ती आत राहायची रीत झाली, कपडा नव्हे. चादोरच ठेवा, आणि कृपा करून पुढे ‘जुलमी’ किंवा ‘पवित्र’ असं काही जोडू नका. १९३६ ला इराणचा राजा रझा शहाने बंदी घातली तेव्हा पोलीस बायकांच्या डोक्यावरून चादोर ओढून काढायचे, १९७९ च्या क्रांतीत त्याच्या मुलाचा, म्हणजे तेव्हाच्या शहाचा, निषेध म्हणून कितीतरी जणींनी तो आपणहून घेतला, आणि १९८३ ला डोकं झाकायची कायद्याने सक्ती झाली. नेशात क्रांती आणि सक्तीच्या काळात अमेरिकेत होत्या, १९९० ला परत गेल्या तेव्हा देश ओळखू येईना, त्यातून हे फोटो आले. एका विशेषणात हे कसं मावणार?

—

पटलं, चादोर लिहिते आणि पहिल्यांदा येईल तिथे कापडाचं वर्णन देते. अजून एक दुरुस्ती करतेय, त्या अक्षरांना मी ‘कुराणातल्या आयती’ लिहिलं होतं, लिपी बघून तसंच वाटलं. प्रत्यक्षात त्या फरुग फरुखजाद आणि ताहिरेह सफ्फारजादेह ह्या दोन इराणी कवयित्रींच्या कविता आहेत, फोटोच्या प्रिंटवर शाईने हाताने लिहिलेल्या, त्याही चेहरा, हात, पावलं अशा उघड्या राहणाऱ्या जागांवर. तिथे आता ‘कवितेच्या ओळी’ करते.